‘समजले ना?’ ‘होय, सर!’

इतिहास आणि मराठी हे विषय शिकविणाऱ्या, कलाशाखेची पदवी घेतलेल्या शिक्षकाने वैद्यकीय शिक्षणाविषयी लेखणी उचलावी, हे आमच्या वाचकांना अंमळ धाडसाचे वाटेल. आम्हांलाही ते तसेच वाटते. नाडीपरीक्षेतले आम्हांस काही कळत नाही, आणि स्टेथोस्कोप आम्ही कानाला लावला तो आयुष्यात एकदाच. तोही शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात आमच्या सहकाऱ्यांनी हौसेने पुढे केला म्हणून. परंतु गेल्या चवथीच्या सुटीत आमच्या सोप्यावर जे संभाषण घडले, ते अद्याप मनातून जात नाही. आणि ज्या मुलांच्या हाती हा अंक पडणार आहे, त्यांतील काहींच्या डोळ्यांसमोर डॉक्टर होण्याचे स्वप्न आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेली एक विद्यार्थिनी नेवऱ्यांचा डबा घेऊन गणपतीच्या दर्शनाला आली होती. आज ती एका वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. कोणत्या, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. माटोळीखाली बसून चहा घेता घेता आम्ही थट्टेने विचारले, “काय गो, अर्धी डॉक्टरीण तरी झालीस की नाही?” ती हसली आणि म्हणाली, “सर, डॉक्टरीण व्हायला अजून पुष्कळ आहे. आधी खोटे बोलायचे सोडले पाहिजे.”

मग तिने हकीकत सांगितली. वॉर्डातील सकाळची फेरी चालू होती. एका वृद्ध गृहस्थाच्या छातीवर नळी ठेवून प्राध्यापकांनी सांगितले, की येथे हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये फुंकर घातल्यासारखा एक आवाज आहे, त्याला मर्मर म्हणतात, एकेकाने ऐका. आठ विद्यार्थी रांगेने पुढे झाले. प्रत्येकाने क्षणभर कान दिला. “ऐकू आला?” “होय, सर.” पुढचा. “ऐकू आला?” “होय, सर.” आमच्या विद्यार्थिनीचा क्रमांक सहावा. तिला ठोक्यांवाचून काहीही ऐकू आले नाही. तरी तिनेही “होय, सर” म्हटले. फेरी संपल्यावर जिन्यात तिने पुढच्या दोघांना हळूच विचारले, तो त्यांनाही काही ऐकू आले नव्हते! आठवड्यापूर्वी एका मुलाने “नाही, सर” म्हणण्याचे धैर्य केले होते; तेव्हा “कान घरी ठेवून आलास काय?” असा प्रश्न त्याला रोग्यासमोर, परिचारिकांसमोर ऐकावा लागला होता. त्या दिवसापासून त्या वॉर्डात सगळ्यांना सगळे ऐकू येऊ लागले.

पुढच्या महिन्यात तिची पाळी दुसऱ्या वॉर्डात लागली. तेथील प्राध्यापिका कडक म्हणून प्रसिद्ध. उशिरा येणाऱ्याला त्या दाराबाहेर उभ्या करीत. पण त्यांची रीत निराळी होती. “ऐकू आले का?” असे त्या विचारीतच नसत. “काय ऐकू आले, ते सांग,” असे म्हणत. आमच्या विद्यार्थिनीने चाचरत सांगितले, की ठोक्यांखेरीज काही नाही. बाईंनी रोग्याला डाव्या कुशीवर वळावयास सांगितले, तिच्या हातावर हात ठेवून नळी काखेच्या बाजूला दोन बोटे सरकविली आणि म्हणाल्या, “आता दम धर. घाई करू नकोस.” आणि तो आवाज आला! “सर, त्या रात्री मला कोणी वाच म्हणून सांगितले नव्हते,” ती म्हणाली. “पण डाव्या कुशीवर वळल्यावरच तो स्पष्ट का होतो, हे कळेपर्यंत मी झोपले नाही.”

येथपर्यंत आम्ही मोठ्या समाधानाने मान डोलवीत होतो. दुसऱ्याच्या विद्यालयातील दोष ऐकताना शिक्षकाला एक सूक्ष्म सुख होत असते, हे कबूल केले पाहिजे. इतक्यात ती सहज म्हणाली, “पण सर, ती ‘होय, सर’ म्हणायची सवय मला कॉलेजात लागली नाही. तुम्ही पण फळ्याकडे वळता वळता ‘समजले ना?’ म्हणून विचारायचात आणि आम्ही सगळी ओरडायचो, ‘होय, सर!’ ”

तिने ते हसत सांगितले. तिच्या मनात काही नव्हते. आम्ही मात्र हातातला चहा थंड होईपर्यंत बोललो नाही.

आमच्या घरी आई कोंकणीत विचारीत असे, “कळ्ळें मूं?” आणि तिला “ना” म्हणून सांगावयास आम्हांस कधी भीती वाटली नाही. तोच प्रश्न शाळेत आम्ही मराठीतून विचारू लागलो आणि त्याला एकच उत्तर उरले. हे कसे झाले, याचा शोध घेताना पुष्कळ वाचावे लागले. त्यातून आमचे एक मत बनले आहे. ते असे, की विद्यार्थी विषय कसा शिकतो हे पुस्तकाहून आणि अभ्यासक्रमाहूनही शिक्षक त्या वर्गाचे पुढारपण कसे करतो यावर अधिक अवलंबून असते; आणि वैद्यकासारख्या विद्येत याचा हिशेब अखेर रोग्याच्या अंगावर मांडला जातो.

शिक्षकाला पुढारी म्हटलेले काहींना रुचणार नाही. पण चाळीस मुलांनी कोणत्या दिशेला पाहावे, कशाला भ्यावे आणि कशाचा अभिमान धरावा हे जो ठरवितो, त्याला दुसरे काय म्हणावे? हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी तेथील आयोवा विद्यापीठात रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा-अकरा वर्षांच्या, म्हणजे आपल्या पाचवी-सहावीतल्या, मुलांची लहान मंडळे त्यांनी बनविली. शाळा सुटल्यावर मुलांनी जमावे, मुखवटे करावेत, असली हस्तकामे. प्रत्येक मंडळाला एक प्रौढ म्होरक्या. एका प्रकारचा म्होरक्या सगळे स्वतः ठरवी व हुकूम सोडी. दुसरा मुलांशी विचारविनिमय करून काम आखी आणि दोष दाखविताना त्याचे कारणही सांगे. तिसरा नुसता बसून राही. मुलांनी काय हवे ते करावे. मुले तीच ठेवून म्होरक्यांच्या रीती आलटून पालटून पाहिल्या, म्हणजे गुण मुलांचा की रीतीचा याविषयी संशय राहू नये.

हुकमी म्होरक्याच्या नजरेखाली काम भरपूर झाले, यात शंका नाही. पण तो काही निमित्ताने खोलीबाहेर गेला, की काम एकदम ढासळे. विचारविनिमय करणाऱ्या म्होरक्याच्या मंडळात तो असला काय अन् नसला काय, काम जवळजवळ तसेच चाले. हुकमी मंडळांतील काही मुले म्होरक्यावरचा राग आपल्यातल्याच एखाद्या दुबळ्या सोबत्यावर काढीत, हेही संशोधकांनी टिपून ठेवले आहे. शिक्षकांच्या खोलीत बसून पलीकडच्या वर्गातला गलका ऐकणाऱ्या आम्हांस हे वाचून हसू आले नाही.

आता विचार करा. डॉक्टर झालेल्या माणसाच्या आयुष्यात म्होरक्या किती वेळ खोलीत असतो? साडेचार वर्षे शिक्षणाची, एक वर्ष उमेदवारीचे. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे तो रोग्यापाशी एकटा असतो. मध्यरात्री सत्तरीच्या किंवा काणकोणच्या आरोग्य-केंद्रात धाप लागलेले मूल आणले गेले, तर ‘ऐकू आला?’ म्हणून विचारणारा तेथे कोणी नसतो. जे विद्यार्थी गुरूच्या डोळ्याकडे पाहून शिकले, त्यांनी तेव्हा कोणाकडे पाहावे?

स्वीडनमधील गटेनबर्ग विद्यापीठाच्या फेरेन्स मार्टन आणि रॉजर साल्यो यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की तोच उतारा वाचताना काही विद्यार्थी पुढे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा अंदाज बांधून शब्द धरून ठेवतात, तर काही लेखकाला काय म्हणावयाचे आहे त्याचा पाठलाग करतात. पहिल्यांचे वाचन वरवरचे, दुसऱ्यांचे खोल. यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की हा मुलांचा जन्मजात स्वभाव नव्हे. तोच विद्यार्थी एका गुरूपाशी वरवरचा होतो आणि दुसऱ्यापाशी खोल जातो. आमच्या विद्यार्थिनीला तर त्यासाठी एक महिना आणि एक वॉर्ड पुरला. पुढे १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन वैद्यकीय विद्यालयांची तुलना झाली: एक जुन्या वळणाचे, व्याख्यानांचे, दुसरे रोग्याची समस्या पुढे ठेवून लहान गटांत विचार करावयास लावणारे. खोल शिकण्याची वृत्ती दुसऱ्यात अधिक आढळली.

परंतु आकड्यांपेक्षा आम्हांस माणसे अधिक कळतात. विल्यम ऑस्लर हे नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. कॅनडात १८४९ साली जन्मलेला हा मनुष्य अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य वैद्य होता. त्या काळी अमेरिकेतील कितीतरी विद्यार्थी बाकांवर बसून व्याख्याने ऐकत आणि रोग्याला नीट हातही न लावता पदवी घेऊन बाहेर पडत. ऑस्लरने त्यांना बाकांवरून उठविले आणि खाटेपाशी नेले. विद्यार्थ्यांकडे रोगी सोपविले जात. त्यांनी रोग्याची हकीकत लिहावयाची, लघवी-रक्त तपासावयाचे आणि फेरीच्या वेळी आपले निरीक्षण स्वतः मांडावयाचे. आठवड्यातून एका संध्याकाळी हे विद्यार्थी त्याच्या घरी जमत. तेथे खाणेपिणे होई आणि आपापल्या रोग्यांविषयी बोलणे होई. शेजारी राहणाऱ्या काही निवडक तरुणांना तर त्याने आपल्या घराच्या किल्ल्याच देऊन ठेवल्या होत्या, की ग्रंथालय हवे तेव्हा उघडावे! ज्याने १८९२ मध्ये वैद्यकावरचा त्या पिढीचा सर्वमान्य ग्रंथ लिहिला, त्याने आपल्या थडग्यावर दुसरे काही नको, विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकविले एवढेच असावे, अशी इच्छा बोलून दाखविली होती.

हा मनुष्य ढिला नव्हता. मॉन्ट्रियलमध्ये असताना त्याने स्वतः शेकडो शवविच्छेदने केली. जिवंतपणी बांधलेला अंदाज मृत्यूनंतर तपासून पाहण्याची ही सवय ज्या गुरूला असते, त्याच्यासमोर ‘मला ऐकू आले नाही’ असे म्हणण्यात शिष्याला लाज कसली?

याच्या उलट बाजूला जर्मनीतील फेर्डिनांड झावरब्रुख यांचे चित्र दिसते. छाती उघडली की फुफ्फुस मिटते आणि रोगी दगावतो, या अडचणीवर त्यांनी ब्रेस्लाऊ येथे मिकुलिच या थोर शल्यविशारदाच्या हाताखाली असताना कमी दाबाच्या हवेची पेटी योजिली आणि १९०४ मध्ये छातीच्या शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा केला. पुढे बर्लिनच्या शारिते रुग्णालयात ते सर्वेसर्वा झाले. त्यांच्या रागाचा दरारा असा, की साहाय्यक थरथर कापत. एखाद्याला जागच्या जागी घालवून देणे ही नित्याची गोष्ट. वृद्धापकाळी त्यांच्या स्मृतीला व बुद्धीला विकार जडला, तरी ते शस्त्रक्रिया करीतच राहिले. रोग्यांना त्याची किंमत द्यावी लागली. भोवती उभ्या असलेल्या, त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या कुशल हातांना ते दिसत होते. पण ‘आता थांबा’ म्हणण्याची वाणी त्या हातांना कोणी दिलीच नव्हती. १९४९ च्या अखेरीस अधिकाऱ्यांनी त्यांना पदावरून दूर केले. १९५१ मध्ये ते वारले. केवढा कर्तृत्ववान पुरुष! आणि आपल्याला सावरील असा एकही शिष्य त्याने आपल्या भोवती घडविला नाही.

आमचे काही ज्येष्ठ सहकारी यावर म्हणतील, की हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ. आपल्याकडे गुरूचा शब्द हाच प्रमाण. आम्हांलाही असेच वाटत असे, म्हणून आम्ही जुने ग्रंथ चाळले. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना एक वर्ष व्रतस्थ राहावयास सांगतात, आणि मग हवे ते प्रश्न विचारा, आम्हांस ठाऊक असेल तर सारे सांगू, असे म्हणतात. ठाऊक असेल तर! एवढा मोठा ऋषी हा ‘तर’ उच्चारावयास संकोचत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्यविद्येच्या जाणकारांनी आपसांत संभाषण करावे, त्याने ज्ञान वाढते व संशय फिटतो, असे सांगून सलोख्याचे संभाषण कोणते आणि झगड्याचे कोणते, याची चर्चा केली आहे. तेथेच शिष्याने गुरूची आज्ञा पाळावी असेही आहे; पण जी आज्ञा प्राणघातक किंवा अधर्माची असेल ती वगळून. म्हणजे निमूट मान हलविणे ही आपली परंपरा आहे, हे म्हणणे टिकत नाही. ती पुष्कळशी आमची, शिक्षकांची, सोय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोकळेपणा दिला की मुले शेफारतात आणि औषधाची मात्रा काही चर्चेने ठरत नाही. खरे आहे. लेविनच्या प्रयोगात नुसत्या बसून राहणाऱ्या म्होरक्याच्या मंडळांत काम थोडे झाले आणि तेही निकृष्ट, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. शरीररचनेतील शेकडो नावे पाठच करावी लागतात. त्याला दुसरा उपाय नाही. पण त्या दुसऱ्या वॉर्डातील बाई उशिरा येणाऱ्याला बाहेर उभ्या करीत होत्या, हे विसरू नये. त्यांचा कडकपणा कामाविषयी होता. अज्ञान कबूल करणाऱ्याविषयी त्या कडक नव्हत्या. आम्ही शिक्षक बहुधा याची उलटापालट करतो: उशीर खपवून घेतो आणि ‘समजले नाही’ म्हणणाऱ्यावर डोळे वटारतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिचा विचार मोठ्या शहरांतले शिक्षणतज्ज्ञ फारसा करीत नाहीत. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली. तेथे घरी कोंकणी बोलणारी मुले पोर्तुगीज भाषेतून वैद्यक शिकली आणि त्यांतील कितीतरी जण पुढे पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतील मुलखात वैद्य म्हणून गेले. त्याच शाळेतून आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. आता भाषा इंग्रजी आहे. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि तेथे इंग्रजी. अशा मुलाला शंका आली तर ती आधी मनात, मग तोंडात तयार करावी लागते. त्या दोन क्षणांत तो शिक्षकाच्या मुद्रेकडे पाहतो. मुद्रा प्रसन्न असेल तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, प्रश्न बाहेर पडतो. भुवई वर गेली की मुलगा वही उघडतो आणि पाठ करू लागतो. पुढे त्यालाच आपण ‘घोकंपट्टी करणारा’ म्हणून हिणवतो.

२०१९ पासून देशभर एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पहिल्या वर्षापासून रुग्णदर्शन, लहान गटांतील चर्चा, आणि वृत्ती, नीती व संवाद यांचे स्वतंत्र पाठ आहेत. हे स्तुत्यच आहे. पण छापील अभ्यासक्रम खाटेपाशी उभा राहत नाही. तेथे उभा राहतो तो शिक्षक, आणि त्याच्यासमोर उभा राहतो तो आमच्या वर्गातून गेलेला विद्यार्थी, दहा वर्षांच्या ‘होय, सर’ची सवय घेऊन.

आमच्यापुरते आम्ही एवढेच केले, की या वर्षी नववीच्या वर्गात ‘समजले ना?’ हा प्रश्न स्वतःला बंद केला. सांगावयास सोपे, पण जीभ वळत असे आणि मुले ती चूक मोठ्या आनंदाने मोजीत असत. त्याऐवजी ‘काय समजले, ते सांग’ असे विचारू लागलो. पहिले तीन आठवडे वर्गात स्मशानशांतता होती. धडे मागे पडले. मुख्याध्यापकांनी त्याविषयी विचारलेही, आणि त्यांचे विचारणे योग्यच होते.

मग एके दिवशी आम्ही १५१० सालाविषयी सांगत होतो. त्या वर्षाच्या आरंभी आल्बुकर्कने गोवा घेतला, मे महिन्यात आदिलशाही फौजेने तो परत मिळविला आणि २५ नोव्हेंबरला तो पुन्हा पोर्तुगिजांच्या हाती गेला. शेवटच्या बाकावरचा, एरवी पुस्तकाआड जांभया देणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, मग त्या वर्षीचा शेतसारा गावकाऱ्यांनी कोणाला दिला?”

आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. पंधरा वर्षे तो धडा शिकवीत असून हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. “ठाऊक नाही,” आम्ही म्हणालो. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला, मग खसखस पिकली. पण ते हसू वाईट नव्हते. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे आणि तेवढा पुसू नये म्हणून फळा पुसणाऱ्या मुलांना ताकीद दिली आहे. दोन मुले एका शनिवारी पणजीच्या ग्रंथालयात जाऊन आली. अजून काही हाती लागलेले नाही. नाताळच्या सुटीत पुन्हा जाणार आहेत, आणि या वेळी आम्हांलाही बरोबर चला म्हणतात.